देवीछाप रुपया

नाणं कधी खोटं बोलत नाही. इतिहासाचा तेवढाच एक भरवशाचा साक्षीदार. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, तेव्हा येरमाळ्याच्या मोटारस्टँडवर मार्तंडराव गुरुजींनी हे भगवंतराव वकिलांना ऐकवलं. दोघांनाही जुन्या नाण्यांचा नाद; अन् गुरुजींना नुकताच तुळजापुरात एक देवीछाप रुपया मिळाला होता.

“गुरुजी, निजामाच्या रुपयावर तुळजाभवानी कुठून आली?”

“म्हणून तर दुर्मीळ. जगात एकच.”

“एकच, कारण तुळजापूरच्या सोनारानं एकच ठोकलाय! रुपया घेतला, वर टाकाचा ठसा ठेवला अन् हाणला हातोडा.”

“चांदी अस्सल हाली आहे, निजामाच्या टांकसाळीतली. देवीच्या मुकुटातून चारमिनार अजून दिसतो.”

“दिसणारच! खाली तोच दबलाय बिचारा. अहो, देवघरातला टाक आहे हा, नाणं न्हाय.”

“काठाला दाते आहेत. टाकाला असतात का दाते?”

“हे बघा, उद्या शाळेच्या प्रदर्शनात हा ठेवलात, तर माझी सगळी नाणी मी घरी नेणार. मास्तरांनीच पोरांना खोटा इतिहास शिकवायचा?”

“खोटा कसा? रुपया खरा, देवी खरी.”

“अन् दोन्ही मिळून लबाडी! लई झालं. काढा तो, इथल्या लोकांनाच विचारू.”

“आत्ता जवळ न्हाय.”

“मग कुठं आहे?”

“घरी.”

“घरी कुठं?”

“देवघरात. आमच्या मंडळींनी त्याला हळदकुंकू वाहिलं. म्हणतात, देव प्रदर्शनात बसत नसतो.”

“म्हणजे टाकच की हो!”

“नाणंच आहे,” गुरुजी म्हणाले. “फक्त रोज नैवेद्य दाखवावा लागतो.”