गुलाबी पॅराशूट आणि ग्लेन्डाचा नंबर

...नाही, तुम्हीच सांगा बायांनो, जेवणाच्या टेबलावर जेवण ठेवायचं की रॉकेट? अख्खा उन्हाळा आम्ही दोघं मांडीवर ताटल्या घेऊन जेवलो, का, तर टेबलावर साहेब विराजमान! साहेब म्हणजे काय, तर हातभर उंचीची पुठ्ठ्याची नळी, बुडाशी हलक्या लाकडाचे चार पंख आणि वर टोकदार नाक... जरा दोरा दे गं इकडे, बोलता बोलता मीही टाके घालते, गोधडी चर्चच्या लिलावाआधी पुरी व्हायला हवी.

तर सासूबाईंचं तळघर आवरताना ते सापडलं. आमच्या वेंडेलनं शाळेत असताना बनवलेलं, एक पंख मोडका, नाक उंदरानं कुरतडलेलं, रंगाचे पोपडे. मी म्हटलं टाका कचऱ्यात. वळून बघते तर सदुसष्ट वर्षांचा घोडा जमिनीवर मांडी ठोकून बसलेला आणि डोळ्यांत पाणी! आमच्या लग्नात नव्हतं आलं हो! लग्नात मला हळूच म्हणाला, ''डोरीन, कॉलर टोचतेय.''

मी जळत नाही हं! पुठ्ठ्यावर कोण जळतं?

पण काय ते लाड! बारीक काचकागदानं घासायचं, फुंकर मारायची, बोट फिरवायचं, परत घासायचं. पिवळ्या रंगाचे सहा डबे आणले, हा मूळचा नाही, हा जरा लिंबाकडे झुकतो, हा मोहरीकडे... आणि मी त्याच आठवड्यात केस तांबूस करून आले, तर माझ्याकडे टक लावून बघत म्हणतो कसा, ''स्वयंपाकघरातला दिवा बदललास का गं?'' दिवा!

आणि मग निघाला तो नंबर.

रॉकेटवर मालकाचं नाव आणि फोन लिहायची पद्धत असते, वाऱ्यानं कुठं वाहून गेलं तर सापडलेल्यानं कळवावं म्हणून. पोपड्यांखाली अर्धवट पुसलेले चार आकडे होते. त्याच्या गावात सुरुवातीचे आकडे सगळ्यांचे सारखेच, शेवटचे चार लिहिले की भागतं. वेंडेल मांजरीच्या मिशीएवढा कुंचला घेऊन, जीभ बाहेर काढून ते आकडे परत गिरवत बसला होता. मी सहज विचारलं, ''तुमच्या घरचा का रे?''

''छे! ग्लेन्डाच्या.''

''कोण ग्लेन्डा?''

''शेजारची, गावातलं जुनं घर होतं ना आमचं, तिथली. पहिलं रॉकेट बाबांच्या कोंबड्यांच्या खुराड्यात घुसलं होतं ना, त्यांनी बंदी घातली. मग हे आम्ही दोघांनी चोरून बनवलं. फोन आमच्याकडे आला असता तर मला सोलून काढला असता. उडवायचं बटन नेहमी तीच दाबायची.''

''आता कुठं असते?''

''तिथंच. त्याच घरात. नवरा वारला बिचारीचा.''

बिचारीचा! मी म्हटलं, ''मग तो नंबर पूस आणि आपला घाल.'' तर माणूस दचकला ना! ''डोरीन, मूळचं आहे तसं ठेवायचं असतं. नाहीतर जुनं दुरुस्त करण्याला काय अर्थ?'' जुनं! मी काय नवीन आहे का?

पण मी जळत नाही हं! मी फक्त विचार केला. रॉकेट हरवलं तरच तो नंबर लागणार, बरोबर? म्हणजे ते हरवताच कामा नये. अलगद, पिसासारखं, वेंडेलच्या पायाशी उतरलं पाहिजे. आणि नळीतलं जुनं प्लास्टिकचं पॅराशूट चिकटून पापड झालेलं, नवं लागणारच होतं. मी म्हटलं, मी शिवते. तो म्हणाला, ''ताटाएवढं पुरे.'' मी मनात म्हटलं, ताटाएवढं? मोठं असलं की आणखी हळू उतरेल! तुम्हालाही पटलं असतं, हो की नाही?

मग कापड काढलं. आता हसू नका हं... मधुचंद्राचा माझा गाऊन होता. डेन्व्हरला नेलेला, गुलाबी, झुळझुळीत, आता माझा एक दंड जाईल त्यात! सगळा उसवला आणि मस्त घेरदार छत्री शिवली, छोट्या टेबलावर अंथरता येईल एवढी. वेंडेलसमोर ठेवली. वाटलं, ओळखेल. तो काय म्हणाला माहितीये? ''शिवण छान सरळ आलीय.'' बस! मी घडी घातली, चिकटू नये म्हणून माझी वासाची पावडर लावली आणि ठासून भरली नळीत.

उडवायच्या दिवशी गाडीत पुढच्या सीटवर कोण? रॉकेट. पट्टा लावून! मी मागे, मांडीवर खिमा-राजम्याच्या तिखट चिलीचं पातेलं आणि तिच्याबरोबर खायचे माझे दालचिनीचे रोल. रॉकेट क्लबवाले उडवतात ते लायलचं शेत, मका कापून झालेलं, वेंडेलच्या गावाला अगदी लागून. लायल क्लबचा प्रमुख, हातात भोंगा, आवाज सगळ्या तालुक्याला. वारा असा की टोपी डोक्यावर ठरेना. लायल म्हणाला, ''वेंडेल, पॅराशूट लहानच ठेवलंस ना?'' आणि हा छाती काढून, ''डोरीननं शिवलंय!'' पहिल्यांदाच चारचौघांत माझं नाव घेतलं, तिथं मोडता घालू?

आणि बटन मला दिलं हो! म्हणाला, ''तू दाब.'' पाच, चार, तीन... दाबलं मी! फुस्सकन गेलं वर! वर वर वर, ठिपका झाला, मग फट् असा बारीक आवाज आला आणि आभाळात ते गुलाबी उघडलं... आई गं! एवढं मोठं, एवढं सुंदर, उन्हात आरपार. आणि वेंडेलनं माझा हात धरला, डोळे विस्फारले, आणि ओरडला, ''अगं, हा तर तुझा डेन्व्हरचा गाऊन!''

लायलचा भोंगा शेजारीच, चालू! अख्ख्या शेताला कळलं.

पण बायांनो, खरं सांगते, मला लाजच वाटली नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं ना, तसं... पिवळ्या रंगाकडे बघायचा तसं. त्या क्षणी मी खरोखरच जळत नव्हते.

आणि गाऊन चालला! खाली यायचं नावच घेईना. आमच्या नेब्रास्काचा वारा आणि एवढी मोठी छत्री, मग काय, शेत गेलं, रस्ता गेला, पाण्याच्या टाकीवरून ऐटीत निघाला गावात. लायल भोंग्यातून, ''कुणी शिवलं हे?'' आता मघासारखं माझं नाव घ्यायला वेंडेलला काय झालं होतं? तो आपला आभाळाकडे बघतोय!

आम्ही मक्याच्या खुंटांत ठेचकाळतोय, शोधतोय, आणि एक निळी गाडी येऊन थांबली. पांढरे केस, लाल कोट, हातात रॉकेट. कुणाच्या तरी अंगणात पडलं, त्यानं नंबर वाचला, फोन लावला. कुणाला? मी सांगायला हवं? माझ्याच हातच्या पॅराशूटनं माझ्याच नवऱ्याचं रॉकेट तिच्या दारी नेऊन पोचवलं!

आणि गाऊन? नीट घडी घालून आणलेला! म्हणते, ''किती तलम कापड! कुणाचं?'' वेंडेल म्हणाला, ''डोरीनचं!'' मग माझ्याकडे बघून इतकं गोड हसली की रागवायचीही सोय ठेवली नाही. आणि वेंडेलला म्हणते, ''मुलं म्हणतात, घरचा फोन काढून टाक, कोण करतं आता त्यावर? मी म्हटलं, नको, वेंडेलचं रॉकेट कुणाला सापडलं तर?'' हसत म्हणाली हं, हसत! पण मला विचाराल तर एवढी वर्षं कुणी हसण्यावारी फोनचं बिल भरत नाही. मग घरून आणलेला डबा उघडला. दालचिनीचे रोल. वेंडेलनं चिलीबरोबर तीन खाल्ले. तिचे!

लायल म्हणाला, छत्री कापून निम्मी करा. केली. उरलेला तुकडा हा, या गोधडीत लावतेय तो गुलाबी. कल्पना कुणाची? तिचीच. आणि आमचे महाशय लगेच, ''ग्लेन्डा, तू एकटीच असतेस ना? मग दर बुधवारी डोरीनबरोबर गोधडीला जात जा की!'' पण ती गाडीत बसताना बघितलं, शेजारच्या सीटवर कुणीच नव्हतं, नुसती पर्स ठेवलेली. मीच म्हटलं, ये बाई.

जळत नाही हो मी, पण... थांबा, गाडी वाजली का? निळीच आहे. चेहरे सरळ करा, चेहरे सरळ! तो तुकडा वर घ्या...

ये गं ग्लेन्डा! तुझंच नाव काढत होतो, शंभर वर्षं जगशील! बस, इथं माझ्या शेजारी. डब्यात काय आणलंस, रोल? आणि हा वेगळा बांधलेला पुडा? ...वेंडेलला? ...त्यानं फोन करून सांगितलं? ...दे बाई, दे. नंबर आहेच त्याच्याकडे तुझा!