सर ह्यूच्या कपाळावरचा शेंदूर

सुप्रभा : पडद्यापासून बाजूला व्हा ना, आई. तो कॉन्स्टेबल अजून कोपऱ्यावरच उभा आहे.

आई : उभा राहीना का. काही पाहिलंत का, एवढंच विचारून गेला ना?

सुप्रभा : मी नाही म्हटलं. घाईनं दार लावून घेतलं, त्याला संशय आला असेल. अहो, तुम्ही तरी काही बोला.

शशिधर : बोलायचं काही नाही. कोणीच नाही. सोमवारी माझा हॉस्पिटलातल्या कायम नोकरीचा इंटरव्ह्यू आहे, आणि कमिटीतले दोघं ह्याच चर्चला जातात. त्यांच्या सहाशे वर्षांपूर्वीच्या सरदाराच्या दगडी पुतळ्याला माझ्या आईनं शेंदूर फासला हे कळलं, की नोकरी गेली आणि हे घरही गेलं. घर हॉस्पिटलचं आहे.

आई : फासला नाही रे. कपाळाला एक बोट लावलं आणि पायाशी थेंबभर तेल.

सुप्रभा : पण चर्चमध्ये, आई?

आई : तुझ्यासाठीच गं. दोनदा पोट रिकामं झालं तुझं, आता कुठे सातवा लागलाय. माझ्या माहेरी वेशीवर वीराचा दगड आहे, ढाल-तलवार घेतलेला. बाळंतपण जवळ आलं की घरातली थोरली बाई त्याला तेल-शेंदूर लावून येते. इथं परदेशात मी वीर कुठून आणू? आणि तू मला ते चर्च दाखवायला नेलंस. तिथं हा दगडी सरदार आपला तलवार छातीशी धरून निजलेला. मला वाटलं, चला, मिळाला.

सुप्रभा : पेपरात पहिल्या पानावर फोटो आलाय त्याचा. सगळं तोंड लाल. डोळ्यांच्या खाचा, ओठ, सगळं. पांढऱ्या दगडानं रंग पिऊन टाकलाय, निघेल की नाही सांगता येत नाही म्हणे.

आई : तोंड? तोंडाला मी हात लावला नाही.

शशिधर : तेल ओघळलं असेल. सोड ना आता.

आई : शेंदूर ओठांपर्यंत ओघळतो होय? देवळातला मारुती मी चाळीस वर्षं पाहतेय.

सुप्रभा : पोलिसांनी मिस्टर टॉम्सना धरलं होतं.

आई : कोण, तो झाडलोट करणारा म्हातारा? मला बसायला उशी आणून देणारा?

सुप्रभा : तोच. गेल्या महिन्यात फाटकाला लाल रंग त्यांनीच दिला होता. उरलेला डबा त्यांच्या शेडमध्ये सापडला. व्हिकारशी, म्हणजे चर्चच्या पाद्र्याशी, त्यांचं भांडणही झालं होतं, पगारावरून. पोलिसांनी सोडलंय, पण शेजारच्या बाई सांगत होत्या, चर्चचं घर उद्या सकाळपर्यंत खाली करा म्हणून कळवलंय. बहात्तर वर्षांचे आहेत ते.

आई : आणि आपण पडद्याआड उभे.

शशिधर : मग काय करू? गेल्या महिन्यात कोणीतरी आपल्या दारातून चिठ्ठी टाकली होती, परत जा म्हणून. विसरलीस? हे कळलं तर उद्या चिठ्ठीऐवजी दगड येईल. सुप्रभा ह्या अवस्थेत आहे.

आई : मलाही भीती वाटते रे. रात्रभर डोळा नाही लागला. पण सुप्रभा, तू मला चर्चमधला तो कागद वाचून दाखवला होतास ना, त्या सरदाराचा?

सुप्रभा : सर ह्यूचा. सोळाव्या वर्षी फ्रान्सच्या लढाईवर गेला. वीस वर्षं लढला.

आई : आणि तो पूल.

सुप्रभा : हो. पूल राखायचं काम त्याच्याकडे होतं. शत्रू आला तसा हा घाबरला, घोड्यावर बसून निघून गेला. मागे राहिलेली अकरा माणसं मेली. सगळी ह्याच गावची.

आई : आणि कोणी पाहिलेलंही नव्हतं. पूल मोडला, मी पोहून निघालो, असं सांगितलं असतं तर खपलं असतं. पण घरी आला आणि त्याच चर्चमध्ये सगळ्या गावासमोर उभा राहून खरं ते बोलला.

सुप्रभा : राजानं अर्धी जहागीर काढून घेतली त्याची. मग म्हातारपणापर्यंत त्या अकरा घरांची शेतं आधी नांगरून द्यायचा, मग स्वतःची. मेल्यावर गावानंच तो दगड घडवून घेतला.

आई : म्हणून तर माझा हात गेला त्याच्या कपाळाला. नुसता तलवारीसाठी नाही.

शशिधर : बस कर, आई.

आई : का रे? एवढा पांढरा का पडलास?



शशिधर : तोंड मी लाल केलं.

सुप्रभा : तुम्ही?

शशिधर : आईनं मला सांगितलं होतं ना, वीराला शेंदूर लावून आले म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीला जाताना चर्चमध्ये शिरलो. स्पिरिट आणि कापूस होता बॅगेत. वाटलं, एवढासा टिळा, पुसून टाकू, संपलं. पुसायला गेलो तर पसरला. जितका पुसावा तितका खाली उतरायला लागला. डोळ्यांत गेला. तेवढ्यात मोठं दार वाजलं, टॉम्सचा खोकला ऐकू आला. कापूस खिशात कोंबला आणि बाजूच्या दारानं पळालो.

सुप्रभा : आणि तीन दिवस गप्प राहिलात?

शशिधर : रोज वॉर्डात त्यावरच बोलणं चालतं. मी मान डोलावतो.

आई : भ्यालास.

शशिधर : अजून भितोय.

सुप्रभा : सोमवार होऊ दे ना, आई. दोनच दिवस. मग सांगू.

आई : तो म्हातारा उद्या सकाळी सामान काढणार आहे, बाई.

शशिधर : व्हिकार ह्या वेळी घरीच असतो. तू थांब, आई. मी एकटा जातो.

आई : एकटा कशाला? टिळा माझा आहे. त्याचं मी सांगते, तू नुसतं इंग्रजीत कर. तोंडाचं मात्र तुझं तूच सांगायचं.