पाचवीची कात्री

अध्यक्ष महाराज मारुतीराव, व्यासपीठावर बसलेले डॉक्टरसाहेब, पंचक्रोशीतून चालत आलेल्या सुइणी, माता-भगिनी, आणि ज्यांना निरोप द्यायला आज जीभ वळत नाही त्या आपल्या नर्सबाई मनुबाई,

मी जुना शाळामास्तर. मास्तरकी सुटते, कविता सुटत नाहीत; तेव्हा भाषण फार हिरवंगार होऊ लागलं तर अध्यक्षांनी खुशाल टेबल वाजवावं.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. मनुबाई बेळगावहून लोंढ्यापर्यंत आगगाडीने आणि तिथून बैलगाडीने आमच्या गावी आल्या. सुइणींचा वर्ग माझ्या शाळेच्या पडवीत भरू लागला. काय दिवस होते ते! सारवलेली जमीन, तीन दगडांच्या चुलीवर खळखळणारं पातेलं आणि भोवती वाड्यावस्त्यांवरून आलेल्या बाया. मला राहवेना. मी वर्गासाठी कवन रचलं: ‘नखे काढुनी हात धुवावे, पाणी उकळत चुली ठेवावे.’ मोठ्या तालात म्हणून दाखवलं. आमची जुनी सुईण बाळाबाई, अर्धा गाव जिच्या हातावर जन्मला, ती म्हणाली, “मास्तर, तिकडं बाई कळा देतीया आनि मी हितं गानं म्हनू व्हय?”

सारी पडवी हसली. सगळ्यांत मोठ्यानं मनुबाई.

खरी अडचण होती विळ्याची. नाळ ज्या विळ्याने कापायची, त्याचीच पाचवीला पूजा. मनुबाई म्हणत, गवत कापायचा विळा नको, उकळलेली कात्री घ्या.

“कात्रीला सटवाई वळखंल का?” बाळाबाईने विचारलं.

“ओळखेल की. तिलाही कुंकू लावा, आक्का!”

बाळाबाईने कात्री कमरेला खोचली.

आता मनातलं सांगतो. माझ्या लेकीचं, जयाचं, पहिलं बाळ सातव्या दिवशी धनुर्वाताने गेलं होतं. तोंड मिटलं ते मिटलंच. तीच जया दुसऱ्या खेपेला माहेरी आली होती. अशा वेळी बापाने करावं तरी काय? मी सोप्यात बसून कविता आठवत होतो. एकही ओळ आठवेना.

आत बाळाबाई आणि मनुबाई होत्या; भिंतीपलीकडचं सारं ऐकू येत होतं, न दिसलेलं मागाहून कळलं. बाळाबाईने कात्री शिकवल्याप्रमाणे उकळली. मग नवी वस्तू म्हणून तिला हळदकुंकू लावलं आणि पदराने स्वच्छ पुसली!

“आक्का, हे काय केलंत?”

“का? कुंकू लाव म्हनून तूच सांगितलीस न्हवं?”

या दोघींचं इथं जुंपलं, तर पोरीचं काय? पण मनुबाईंचा आवाज चढला नाही.

“पूजा पाचवीला असते ना, आक्का? ती आजच उरकलीत, तर पाचवीला सटवाईपुढं शिळी पूजा मांडणार?”

बाळाबाईचाच आवाज आला:

“व्हय की गं! आगं, पानी ठेवा परत!”

“लवकर ठेवा गं कुणीतरी!” ही आमची जया.

नातू झाला. पाचवीला पाटावर कात्री हळदकुंकवाने माखून बसली, नव्या नवरीसारखी. मग तो सातवा दिवस आला. जया बाळाच्या ओठांवरून नजर काढीना.

आठव्या दिवशी सकाळीच बाळाबाई आली. बाळ चुटूचुटू पीत होतं. ती खाली वाकून बराच वेळ बघत राहिली. मग डोळे पुसून मनुबाईंना म्हणाली, “बाई, तसली आनि एक कात्री हाय का? माझ्या सुनेला पायजे. उद्यापासनं तिलाबी वर्गात घिऊन येते.”

श्रोतेहो, त्या सुना आणि त्यांच्याही सुना आज समोर बसल्या आहेत. त्या सर्वांच्या वतीने, आणि एका आजोबाच्या वतीने, मनुबाई, आपले आभार मानतो. अध्यक्षांनी मला इतका वेळ सोसलं, त्यांचाही ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द वावगा गेला असेल, तर वयाकडे बघून पोटात घालावा. बसतो.