सुटकेचे पेढे

आता हसू येतं, पण मी स्वतःहून नोकरी सोडली आणि वर बेकारी भत्ता मागायला गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काढलं की सोडली?"

चेहरा पाडून म्हणालो, "काढलं हो."

बाईंनी अर्जावरचं कंपनीचं नाव वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आमचे हे तिथेच असतात. 'सुटलो एकदाचा' म्हणत अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले, ते तुम्हीच का?"

मी हळूच मान डोलावली.

"काढलेली माणसं पेढे वाटत नाहीत. आणि सोडणाऱ्याला भत्ता मिळत नाही." अर्ज परत देत त्या म्हणाल्या, "ह्यांनी एक घरी आणला होता. छान होता. कुठून घेतलेत?"

दुकानाचं नाव मात्र खरं सांगितलं. येताना स्वतःसाठीही पाव किलो घेतले.