घोड्याचे मागचे पाय

(नाट्यगृहाच्या मागची कपडेपटाची खोली. दुपारचा प्रयोग नुकताच संपला आहे. बाप, मुलगी आणि कपडेपट सांभाळणारी मावशी.)

मुलगी: पण बाबा, येणार म्हणून कळवायचं तरी.

बाबा: कळवलं असतं तर तू नेमकी आजारी पडली असतीस.

मावशी: बरोबर ओळखलंत. त्या पेटीवर बसा, खुर्चीचा एक पाय डुगडुगतोय.

मुलगी: मावशी, तुम्ही जरा बाहेर...

मावशी: कुठे जाऊ? राजपुत्राची विजार उसवलीय आणि दोन तासांत पुढचा प्रयोग. मला ऐकू येत नाही असं समजा.

मुलगी: कुठे बसला होतात?

बाबा: दुसऱ्या रांगेत, अगदी कडेला. तिथून पाय चांगले दिसतात.

मुलगी: मग कळलंच असेल. नायिकेची मैत्रीण असं कुणी या नाटकात नाहीच.

बाबा: मध्यंतरापर्यंत वाट पाहिली तिची. म्हटलं, आता येईल, मग गाईल.

मुलगी: दोन वर्षं फोनवर खोटं बोलले मी.

बाबा: गाणंही म्हणून दाखवलंस. तुझ्या आईला पाठ झालंय.

मुलगी: ते परीचं गाणं आहे.

बाबा: त्या परीपेक्षा तू बरं म्हणतेस.

मुलगी: सगळ्या गल्लीला सांगितलं असेल ना तुम्ही?

बाबा: दुकानात येईल त्याला. टाच बसवून होईपर्यंत एका पायात बूट घालून माणूस जाणार कुठे? ऐकतो बिचारा.

मुलगी: लाज वाटायची, बाबा. नाटकात जायचं म्हणून घर डोक्यावर घेतलं, तुमच्याशी भांडून निघाले, आणि झाले काय, तर घोडा. तोही अर्धा. रथाला दोन घोडे, एकेकात दोन माणसं. पुढच्याची कंबर धरायची आणि वाकून चालायचं. मी कुणाला दिसतसुद्धा नाही.

बाबा: उजवीकडचा घोडा. मागचे पाय.

मुलगी: कुणी सांगितलं?

मावशी: माझ्याकडे बघू नकोस.

बाबा: रथ वळला तेव्हा टाचा दिसल्या. डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजलेली. चार वर्षांची होतीस तेव्हापासून तशीच झिजवतेस. इतक्या टाचा बसवल्या तुला, ओळखणार नाही? डोळ्यांतून पाणीच थांबेना. शेजारच्या आजींना वाटलं, मला रथ फारच आवडला.

मावशी: नाटकातल्या राजपुत्राला त्या एका बुटाची मालकीण शोधायला अख्खं गाव पालथं घालावं लागलं. तुम्ही बसल्या जागी ओळखलंत.

बाबा: त्याला बुटांतलं काय कळतंय?

मुलगी: कंपनीचे बूट चावतात. म्हणून हेच घालते, तुम्ही सोल बदललेले.

बाबा: तू निघालीस त्या सकाळी मी दुकानातून बाहेर आलो नाही.

मुलगी: रागावला होतात.

बाबा: होतोच. पण आदल्या दिवशी दुहेरी सोल घातला.

मुलगी: बाबा, मला न्यायला आलात का?

बाबा: तसंच ठरवून आलो होतो. गेल्या महिन्यात फोनवर तुझा आवाज रडका वाटला. परतीची दोन तिकिटं काढलीत, सातच्या गाडीची.

मुलगी: सातला दुसरा अंक सुरू होतो.

बाबा: ते बाहेरच्या फलकावर वाचलं. मला एकच सांग. आवडतं का तुला हे?

मुलगी: आत काही दिसत नाही. पाठ भरून येते, घाम डोळ्यांत जातो. नुसती वाद्यं ऐकायची आणि पावलं मोजायची. पण रथ न अडखळता वळला ना, की टाळ्या पडतात. लोकांना वाटतं, त्या रथासाठी. आवडतं, बाबा. फार आवडतं.

बाबा: वळताना डावीकडच्या घोड्याचे मागचे पाय अडखळले.

मावशी: रोज अडखळतात.

बाबा: हिचे नाही अडखळले. काढ तो बूट. बाई, मेणाचा दोरा आहे?

मावशी: दोरा आहे, मेणही आहे. चामडं टोचायची आरी मात्र नाही.

बाबा: ती माझ्या खिशात असते.

मुलगी: आईला काय सांगाल?

बाबा: जे पाहिलं ते. गाणं मात्र तूच सांग, परीचं आहे म्हणून.

मुलगी: आणि ते दुसरं तिकीट?

बाबा: त्या जागेवर पिशवी ठेवीन. उजवाही काढ.