माशांच्या पिलांचा खुराक

मासेवाल्याचं नाव माझ्यापुढं काढू नका. फायटर माशाच्या अंड्यांतून पिलं निघाली तर म्हणे, "डासाच्या अळ्या द्या, लई पौष्टिक." मी कूलरच्या साचलेल्या पाण्यातल्या मगभर अळ्या टाकीत ओतल्या. पिलं सुईच्या टोकाएवढी, अळ्या त्यांच्याहून दांडग्या! खाणं सोडा, पिलंच भिऊन कोपऱ्यात बसली. बघता बघता अळ्यांचे डास झाले.

नेमके तेव्हाच बिलोलीहून सासरे आले अन् टाकीच्या खोलीत झोपले. सकाळी तोंड सुजवून बाहेर आले.

"जावईबापू, तुमची पिलं जेवली का न्हाई?"

"न्हाई ना मामा, उपाशीच हायेत."

म्हातारा कान खाजवत म्हणाला, "मंग रातभर माझ्या अंगावर कोणाची पंगत बसली होती?"