काचेच्या बशीतला काढा

अंबूबाई : मंग? मेले का नाही मेले जंतू? नागपूरहून आला, त आधी थेच सांग.

शालिग्राम : सांगतो, माय. आमच्या कॉलेजात किडक्या दातातले जंतू काचेच्या बश्यांत वाढवले. एका बशीत साधं पानी टाकलं, एकीत मिठाचं, अन् एकीत तुह्या बाभळीच्या सालीचा काढा.

अंबूबाई : अन्?

शालिग्राम : साध्या पान्यानं काहीच नाही झालं. मिठाच्यानं थोडकं. तुह्या काढ्याभोवती मात्र जंतू मेले, चांगली गोल जागा साफ झाली. सरांनी दोनदा पाह्यली बशी.

अंबूबाई : आज तुहे बाबा पाह्यजे होते रे. लोक हासत त्याईले. सालीचा डाक्टर म्हनत.

शालिग्राम : पन माय, बशीत जंतू उघडे असतात. दाताच्या मुळाशी पू झाला, त काढा तिथलोक पोचतच नाही.

अंबूबाई : घडीभर खुश त होऊ दे मले!

चांदबी : अंबूबाई! ओ अंबूबाई! काढा आहे का अजून? माह्या पोरीची, गौसियाची दाढ सुजली, तोंडच नाही खुलून राह्यलं. चमच्यानं दिला, त सारा बाहेर आला.

शालिग्राम : चांदबी खाला, सूज कुठलोक आली तिची?

चांदबी : गालाची आता गळ्यात उतरली, बेटा. बुखार असा का हात नाही ठेववत. थुंका बी गिळता येत नाही.

शालिग्राम : आत्ताच खामगावच्या दवाखान्यात न्या. दात उपटावा लागन, पेनिसिलिनचं इंजेक्शन लागन. नाहीतर श्वास कोंडन तिचा.

चांदबी : दात उपटून मानूस मरते म्हनतात. मी त अंबूबाईचंच ऐकीन. यांच्याच काढ्यानं माही दाढ वाचली. देता ना, अंबूबाई?

अंबूबाई : नाही देत.

चांदबी : काऊन? माह्यं काही चुकलं का?

अंबूबाई : तुह्यं काही नाही चुकलं, चांदबी. पू अंदर आहे. माहा काढा तिथं पोचत नाही. पोरीले चादरीत घे. शालिक, तू पुढं जाऊन एस. टी. थांबव. मी बी येते.

(दोन दिवसांनी, खामगावच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात.)

चांदबी : पानी गिळलं तिनं! अम्मी म्हनली मले.

शालिग्राम : डाक्टर म्हनत होते, थोडा बी उशीर झाला असता त घसा बंद झाला असता. गळ्याले चीर दिली, त्याचा डाग राहीन पन, खाला.

चांदबी : राहू दे. पोरगी राह्यली ना. जाते, तिच्यापाशी बसते.

शालिग्राम : माय, तुहा काढा वाईट नाही.

अंबूबाई : मले बाजारात बसून सांगाचं होतं, शालिक. नागपूरच्या बशीत माह्या काढ्यानं जंतू मेले म्हनून.

शालिग्राम : मंग सांग ना. खोटं थोडीच आहे?

अंबूबाई : सांगीन. पन आता कोनी काढा मांगाले आलं, त आधी त्याचं तोंड उघडून पाहीन. नाही उघडलं, त त्याच्यासंगं एस. टी.त बसीन.